शौचालयाच्या फोटोखाली पाईप कुठे जोडलाय ते पण छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात दर थोड्या दिवसांनी एक फोटो येतो. नवीन रंग मारलेलं सार्वजनिक शौचालय, रिबीन, नारळ, पुढे सात-आठ जण हार घालून उभे आणि खाली एक ओळ की अमुक वस्तीत इतक्या सीटच्या शौचालयाचं लोकार्पण. बास, संपली बातमी. त्याची टाकी कुठे जोडलीय, पाणी किती वाजता येतं, लाईटबिल कोण भरणार, दाराला आतून कडी लागते का, यातलं एक अक्षर नसतं. मग दोन-तीन वर्षांनी त्याच संडासाची दुसरी बातमी येते, दरवाजे तुटले, घाण साचली, नागरिक संतप्त. ही दुसरी बातमी खरं तर नारळ फुटला त्या दिवशीच ठरलेली असते, कोणी विचारत नाही इतकंच.

मी पुण्यात टेकडीच्या उतारावरच्या एका वस्तीत राहते. आमच्या बचत गटाकडे काही वर्षं वस्तीतलं शौचालय चालवायला होतं आणि जमाखर्चाची वही माझ्याकडे होती. त्यामुळे हे थोडं वहीतून लिहितेय आणि थोडं मीटिंगा-ट्रेनिंगला जाऊन जे कळलं त्यातून. माझं म्हणणं एकच आहे, सीटा मोजणं थांबवा. जिथे जिथे गल्लीत ड्रेनेजची लाईन नेता येते तिथे आधी ती न्या, लोक घरात संडास बांधतात, बांधलेत. आणि जिथे खरंच जागा नाही तिथेच सार्वजनिक ब्लॉक बांधा पण तो रोज चालवायचा खर्च पहिल्या दिवसापासून धरून बांधा.

सीटांचं गणित सांगते म्हणजे पटेल. स्वच्छ भारतच्या नियमात सामुदायिक शौचालयासाठी ३५ पुरुषांमागे १ आणि २५ बायकांमागे १ सीट असं प्रमाण दिलंय. कागदावर बरं दिसतं. पण एका बाईला ५ मिनिटं धरा, आत जाणं, उरकणं, पाणी टाकून बाहेर येणं, बरोबर लहान पोर असेल तर अजून जास्त. २५ गुणिले ५ म्हणजे १२५ मिनिटं, दोन तासांच्या वर. धुणीभांडी करणारी बाई सकाळी साडेसहा-सातला पहिल्या घरी पोचलेली असते, मग मागे मागे मोजत या, पहिल्या नंबरवालीला चारला उठायला लागतं तेव्हा कुठे शेवटचीचं वेळेत होतं. पुरुषांचं ३५ गुणिले ५ म्हणजे जवळजवळ तीन तास. हे सुद्धा सगळ्या सीटा चालू आहेत असं धरून हां, आणि सगळ्या सीटा चालू असलेलं शौचालय मी उद्घाटनाच्या दिवशीच बघितलंय. दोन तुंबलेल्या असतात, एकीचं भांडं फुटलेलं असतं, एकीला कोणीतरी स्वतःचं कुलूप लावून ठेवलेलं असतं.

दुसरा नियम त्याहून भारी. शहर हागणदारीमुक्त ठरवताना ज्याच्या घरात संडासला जागा नाही त्याला ५०० मीटरच्या आत सामुदायिक शौचालय असलं की झालं. २०१७ च्या २ ऑक्टोबरच्या सुमाराला महाराष्ट्राचा सगळा शहरी भाग हागणदारीमुक्त जाहीर झाला तो असल्या हिशोबावर. ५०० मीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. सपाट रस्त्यावर दिवसा ठीक आहे, पण आमच्यासारख्या टेकडीवर पायऱ्या उतरून, पावसात, रात्री दीडला, पोट बिघडलेलं असताना किंवा आठव्या महिन्याचं पोट घेऊन जाऊन दाखवा म्हणावं. म्हातारी माणसं तर जातच नाहीत, घरात बादलीत करतात आणि सून पहाटे ती बादली गटारात ओतून येते. ही बादली कुठल्या सर्व्हेत येत नाही. बायका संध्याकाळनंतर पाणी पित नाहीत. डॉक्टर म्हणतात पाणी जास्त प्या, लघवीला जळजळ होते म्हणून गोळ्या देतात, आणि ती बाई मान हलवते आणि घरी येऊन परत अर्धा ग्लासच पिते, कारण तिला माहितीय रात्री उठलं तर नवऱ्याला उठवायला लागेल आणि वाटेतला दिवा गेलेला आहे.

पोरांचं वेगळंच. लाईनीत पोराला कोणी नंबर देत नाही, मोठी माणसं घाई आहे म्हणून पुढे घुसतात आणि पोरगं शेवटी गटाराच्या कडेला बसतं. मोठ्यांचं भांडं त्याच्यासाठी भलतंच मोठं, आत अंधार, पडायची भीती. महिला मिलन आणि स्पार्क या संस्थांनी हे फार आधी ओळखलं होतं, त्यांच्या शौचालयांत मुलांसाठी वेगळी छोटी जागा असायची, बसताना धरायला दांडी वगैरे. पुण्यात १९९९ साली रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना वस्त्यांमधली शौचालयं बांधायला आणि चालवायला संस्थांना बोलावलं, दर आठवड्याला मीटिंग व्हायची, आणि दोनेक वर्षांत ४०० च्या वर ब्लॉक, १० हजारांच्या वर सीटा झाल्या. वर केअरटेकरच्या कुटुंबाला राहायला खोली, बायकांची लाईन वेगळी, पाण्याची मोठी टाकी. वस्तीतल्या अंगठा लावणाऱ्या बायकांनी ठेके घेतले, सिमेंटचे भाव करायला शिकल्या. संडास मेळे भरवले, म्हणजे बांधून झालेलं शौचालय बघायला दुसऱ्या वस्तीतले, दुसऱ्या शहरातले लोक यायचे आणि आपल्याकडे काय करता येईल ते ठरवायचे. त्या काळात ते फार मोठं काम होतं आणि ते कोणी नाकारू नये असं मला वाटतं. पण बांधकामाला जो उत्साह असतो तो दहाव्या वर्षी मोटर जळल्यावर नसतो. आयुक्त बदलतात, संस्थांचे प्रोजेक्ट संपतात, आणि मग ये रे माझ्या मागल्या.

आता वहीबद्दल. जमेची बाजू काय तर कुटुंबाचा महिन्याचा पास आणि बाहेरच्यांचे सुट्टे. खर्चाची बाजू बघा. केअरटेकरचा पगार, झाडू, फिनेल, ॲसिड, बल्ब, मग-बादल्या (बादलीला साखळी लावली तर साखळी ठेवून बादली नेतात), प्लंबर, मोटर रिवाइंडिंग, लाईटबिल, आणि टाकी उपसायची गाडी. लाईटबिल आम्हाला काही काळ दुकानाच्या दराने येत होतं, जणू काय आम्ही तिथे मोबाईलचं शोरूम टाकलंय, ते बदलून घ्यायला हेलपाटे घालून घालून चप्पल झिजली, आणि ते बिल थकलं की लाईट कट, लाईट कट की मोटर बंद, मोटर बंद की पाणी नाही, पाणी नाही की दोन दिवसांत सगळं तुंबलं, आणि तुंबलं की लोक म्हणतात आम्ही पास का काढायचा, मग जमा अजून खाली. या चक्राची सुरुवात तीन-चारशे रुपयांच्या थकबाकीपासून सुद्धा होते. माझ्या वहीत उधारीचं एक वेगळं पान होतं. विधवा आणि म्हातारी माणसं फुकट होती त्यावर कोणाची तक्रार नव्हती, उधारी असायची ती भाऊ-दादांच्या माणसांची, मी कोण आहे माहितीये का म्हणणाऱ्यांची. सात माणसांच्या घराचा आणि दोन माणसांच्या घराचा पास सारखा असावा का यावर आमच्या मीटिंगा रात्री अकरापर्यंत चालायच्या, आणि माझ्या मते हीच चर्चा खरी महत्त्वाची होती, टाईल्सचा रंग कुठला हवा यापेक्षा तरी नक्कीच.

आणि ॲसिड. कृपा करून कोणीतरी हे ॲसिडचं वेड थांबवा. चकाचक दिसावं म्हणून ठेक्यावरची माणसं रोज ॲसिड ओततात, त्याने लादीच्या फटीतलं सिमेंट खाल्लं जातं, मग फटीत घाण मुरते आणि जो वास बसतो तो कशाने जात नाही. साधा ब्रश, साबणाची पावडर आणि भरपूर पाणी पुरतं, पण पाणीच नसतं म्हणून ॲसिड. तसंच पॅडचं. आत झाकणाचा डबा ठेवला नाही तर बायका पॅड भांड्यातच टाकणार, दुसरं करणार काय, हातात घेऊन लाईनीसमोरून जाणार का? मग प्लंबरला बोलवायचं आणि त्याने सगळ्यांसमोर ते बाहेर काढायचं आणि बायकांना शिव्या घालायच्या. एक डबा आणि तो रोज रिकामा करणारी बाई एवढा खर्च धरला की हे सगळं वाचतं. दाराच्या कडीचं पण तेच, कडी तुटली की एक बाई आत आणि मैत्रीण बाहेरून दार धरून उभी. एकटी आलेली बाई तशीच परत जाते.

टाकीबद्दल मात्र जरा गंभीरपणे लिहायला पाहिजे. बऱ्याच सार्वजनिक शौचालयांखाली सेप्टिक टँक असते, वर्षानुवर्षं उपसलेली नसते, आत गॅस धरतो, वरचा स्लॅब सळया गंजून पोकळ होतो आणि लोक त्याच स्लॅबवर रोज उभे असतात. मुंबईत मानखुर्दला २०१७ मध्ये आणि भांडुपला २०१८ मध्ये शौचालय खाली टाकीत कोसळून माणसं गेली. संडासला गेलेली माणसं. त्याची चार दिवस चर्चा झाली. २०११ च्या जनगणनेत मुंबईत झोपडपट्टीत राहणारे ५२ लाख लोक होते, त्यातले कित्येक जण अशा टाक्यांवर उभे असतील ते बघा. गाडीने उपसायची म्हटलं तर गाडी मेन रोडला उभी राहते आणि तिचा पाईप गल्लीतल्या टाकीपर्यंत पोचत नाही, मग माणूस उतरवतात. २०१३ चा कायदा आहे की माणसाला असं उतरवायचं नाही, आणि सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. पण टाकी बांधतानाच गाडीचा पाईप पोचेल अशी जागा बघितली असती तर भरपाईपर्यंत वेळ आली नसती ना. इंजिनिअरने नकाशात टाकी कुठे दाखवलीय आणि गाडी कुठपर्यंत येते, एवढं सुद्धा कोणी तपासत नाही.

म्हणून मी म्हणते घरातला संडास. लगेच लोक म्हणतात जागा कुठेय, दहा बाय दहाची खोली. जागा निघते हो. तीन फूट बाय चार फूट म्हणजे कपाटाएवढी जागा, ती माळ्यावर जायच्या जिन्याखाली निघते, मोरीत निघते. आमच्या गल्लीत बऱ्याच जणांनी मोरीतच भांडं बसवलंय, अंघोळीच्या वेळी वर फळी टाकतात. शेल्टर असोसिएट्स या पुण्यातल्या संस्थेने ‘एक घर एक शौचालय’ म्हणून जे काम केलंय ते मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. आधी वस्तीतल्या घराघराची माहिती घेऊन नकाशावर टाकतात की कोणाकडे संडास आहे, कोणाकडे नाही, ड्रेनेजची लाईन कुठून जाते, आणि मग ज्यांना बांधायचाय त्यांच्या दारात भांडं, पाईप, सिमेंट, विटा असा माल आणून देतात, गवंडी आणि बांधकाम त्या घराने बघायचं. पैसे हातात नाही, माल दारात. त्यामुळे तो माल संडासलाच लागतो, आणि घरच्यांनी स्वतःचे पैसे घातलेले असल्यामुळे नंतर त्यात लाकडं भरून ठेवत नाहीत. पुण्याबाहेर सांगली, कोल्हापूर, ठाणे, नवी मुंबईत पण त्यांचं काम झालंय.

सासूबाई लोकांचा विरोध हा वेगळा विषय आहे. देव्हाऱ्याच्या भिंतीपलीकडे संडास? चुलीला लागून? आमच्याकडे पण हे झालं, आठ दिवस अबोला. मग गुडघे धरले आणि जिना उतरेना तेव्हा सगळ्यात आधी वापर त्यांनीच सुरू केला, आता पाहुण्यांना दाखवतात. माणसं बदलतात, त्यासाठी पथनाट्य बसवायला लागत नाही, वास न येणारा संडास बसवायला लागतो. वास भांड्यावर आणि गवंड्यावर आहे. जास्त उताराचं भांडं आणि बुडाशी थोडंसं पाणी धरणारा ट्रॅप असला की दीड-दोन लिटर पाण्यात काम होतं, एक मोठं टमरेल. दुकानदार चपट्या उताराचं भांडं स्वस्त म्हणून गळ्यात मारतो आणि त्याला बादलीभर पाणी लागतं, आणि फ्लशची टाकी बसवणाऱ्याला तर माझा नमस्कारच, नळाला तासभर पाणी येतं तिथे एका वेळेला आठ-दहा लिटर कुठून आणणार. संडासातला गॅस बाहेर सोडायचा पाईप पत्र्याच्या वर दोन फूट न्यायचा, शेजारच्याच्या खिडकीसमोर सोडायचा नाही, यावरून आमच्याकडे भांडणं झालीत.

पण हे सगळं कशावर उभं आहे तर गल्लीतल्या लाईनवर. लाईन नसेल तर घरातला संडास म्हणजे घाण आपल्या घरातून उचलून ओढ्यात टाकणं, बाकी काही नाही. आणि खरं सांगायचं तर पुण्यातल्या ओढ्यांना आणि मुळा-मुठेला हेच होतंय, फक्त वस्तीतूनच नाही, मोठ्या सोसायट्यांचं पण जातं, पण नाव वस्तीचं होतं. दोन खड्ड्यांचा सुलभ पद्धतीचा संडास गावाकडे उत्तम, बिंदेश्वर पाठकांनी १९७० पासून त्यासाठी आयुष्य घातलं, पण आमच्या इथे घराबाहेर दोन फूट बोळ, खाली मुरूम-खडक, खड्डे खणायचे कुठे आणि पाणी मुरायचं कुठे. त्यामुळे पाईपच पाहिजे, आणि तो बसतो. आमच्या बोळातून ट्रक जात नाही, मग पाईप सहा फूट खोल पुरायची गरज काय? कमी खोलीवर, कमी जाडीचा पाईप, प्रत्येक वळणाला छोटा चेंबर. ब्राझीलमध्ये १९८० च्या दशकापासून वस्त्यांमध्ये अशा उथळ लाईनी टाकतायत. कराचीच्या ओरंगी वस्तीत तर १९८० साली अख्तर हमीद खान यांनी लोकांना सांगितलं की सरकार मोठी लाईन आणेल तेव्हा आणेल, तुमच्या गल्लीची लाईन तुम्ही वर्गणी काढून टाका, आम्ही लेव्हल काढून देतो आणि गवंड्यांना शिकवतो. वीस-तीस घरांची एक गल्ली, त्यातला एक जण पैसे गोळा करणार. हजारो गल्ल्यांनी केलं ते. ट्रेनिंगमध्ये हे ऐकलं तेव्हा मला वाटलं अरे हा तर बचत गटच की. टेकडीवर तर उतार आयताच मिळतो, अवघड आहे ते नाल्याकाठच्या सखल वस्त्यांचं, तिथे पुराचं पाणी उलटं भांड्यातून वर येतं, तिथे लाईन टाकायच्या आधी ती नेऊन सोडायची कुठे हे बघावं लागेल आणि ते काम लोकांच्या वर्गणीतून होणारं नाही, ते सरकारनेच करायला पाहिजे.

अनुदानाबद्दल थोडक्यात. केंद्राचे ४ हजार आणि राज्याचे ८ हजार असे १२ हजार मिळायचे, तेही हप्त्याने, आधी खड्ड्याचा फोटो मग बांधकामाचा फोटो. त्यात संडास होत नाही, वरचे पैसे आधी आपण घालायचे, म्हणजे ज्याच्याकडे पैसे आहेत त्यालाच अनुदान घेता येतं. आमच्या गटाने यासाठी कर्जं दिली आणि सगळी फिटली, बायका लग्नाचं कर्ज बुडवतील पण संडासचं नाही. वरून कागदपत्रं. जमीन कोणाची, रेल्वेची का वनखात्याची का खाजगी, एनओसी आहे का. यावर मला एवढंच विचारायचंय की २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या केसमध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की झोपडी कट ऑफ डेटनंतरची, म्हणजे सरकारने झोपड्या अधिकृत धरायला ठरवलेल्या तारखेनंतरची आहे म्हणून पाणी नाकारता येणार नाही. मग पाणी दिल्यावर ते पाणी माणसाच्या पोटातून बाहेर येणारच आहे, त्याला कसली कट ऑफ डेट?

सार्वजनिक शौचालयं लागणारच नाहीत असं मी म्हणत नाहीये. धारावीत ऐंशी टक्के लोक त्यावर अवलंबून आहेत असं २०२० मध्ये कोरोनात पालिकेचेच लोक सांगत होते. घराबाहेर पडू नका असा आदेश आणि संडास घराबाहेर, अशी गंमत होती ती. तेव्हा तीच शौचालयं दिवसातून अनेक वेळा धुतली जात होती, म्हणजे मनावर घेतलं की होतं. घाटकोपरच्या आझाद नगरला २०१६ मध्ये कंपनी आणि पालिकेने मिळून सुविधा केंद्र काढलं, संडास, अंघोळ, कपडे धुवायची मशीन, प्यायचं पाणी एकाच ठिकाणी आणि अंघोळीचं पाणी साफ करून फ्लशला. नंतर धारावीत त्याच धर्तीवर १११ सीटचं झालं. चांगलंच आहे. फक्त तिथे कपडे धुण्याचे आणि बाकी पैसे येतात म्हणून चालवायचा खर्च निघतो आणि मागे मोठी कंपनी उभी आहे, ही गोष्ट विसरून नुसती इमारत कॉपी केली तर परत तेच.

नवीन नवीन मशीनचे संडास पण येतात. २०११ मध्ये गेट्स फाउंडेशनने पाणी आणि ड्रेनेजशिवाय चालणारा संडास शोधा म्हणून जगभर आव्हान दिलं होतं. नैरोबीच्या वस्त्यांमध्ये फ्रेश लाईफ नावाच्या संस्थेचे लोक डब्यात मैला गोळा करून नेतात, त्याचं खत करतात, आणि तिकडे ते चालतंय असं म्हणतात. आमच्या ट्रेनिंगला आलेल्या एका सरांनी हे फार कौतुकाने दाखवलं, स्लाईडवर युनिफॉर्म घातलेली माणसं सीलबंद डबे हातगाडीवरून नेतायत. मागच्या बाकावरून आमच्यातली एक जण म्हणाली, सर, आपल्याकडे तो डबा उचलायला कोण येणार ते तुम्हाला पण माहितीये आणि मला पण. सर गप्प. तिच्या सासऱ्यांनी आयुष्यभर मैल्याच्या टोपल्या वाहिल्या होत्या. ज्या देशात मैला कोणी उचलायचा हे जन्मावर ठरत आलंय तिथे पाईपला दुसरा पर्याय शोधताना दहा वेळा विचार करायला पाहिजे. मशीन आवडो न आवडो, पाईपला जात नसते.

तर संपादक साहेब, पुढच्या वेळी उद्घाटनाचा फोटो आला की तुमच्या रिपोर्टरला सांगा, टाकी कुठे जोडलीय आणि उपसायला गाडी पोचते का ते नेत्याला नाही, ज्युनिअर इंजिनिअरला विचार, लाईटबिल कोणाच्या नावावर आहे ते बघ, आणि बायकांच्या बाजूची एक कडी लावून बघ. आणि बजेटच्या दिवसात वस्त्यांसाठी किती सीटा याऐवजी किती मीटर गल्लीत लाईन पडली आणि त्यावर किती घरं जोडली गेली हा आकडा मागून छापा.

आपली,
बचत गटातली एक वाचक, पुणे

ता. क. पत्र फार लांबलंय, कापलंत तरी चालेल, पण हे कापू नका की भाडेकरूंचं काय. वस्तीतल्या कितीतरी खोल्या भाड्याच्या आहेत, मालक दुसरीकडे राहतो, तो संडास बांधत नाही कारण त्याला तो वापरायचा नाही, आणि भाडेकरूने मागितलं तर भाडं वाढवतो. सगळ्या योजना घरमालकाच्या नावावर. आमच्या गल्लीतल्या शेवटच्या तीन खोल्यांसमोर चेंबर तयार आहे, झाकण लावून ठेवलंय, जोडायला कोणी नाही, आणि त्या खोल्यांमधल्या बायका अजून खाली सार्वजनिकलाच जातात.